अकरावा फर्मा

रविवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या, कुलपं हरवलेल्या चाव्या,
एक पाय नसलेला ट्रायपॉड
आणि त्याच्याखाली, गोणपाटावर पालथी पडलेली
'मंगळावरची पाणपोई'.
पहिली आवृत्ती. जून एकोणीसशे एकसष्ट.
किंमत रु. २, न.पै. ५०.

मी ट्रायपॉडचा भाव विचारला.
बावीस वर्षं जे शोधतोय
त्याच्याकडे एकदम बघायचं नसतं.

तांबोळीनं पुस्तक तराजूत टाकलं.
तीनशे ऐंशी ग्रॅम.
"जुना कागद, साहेब. जड असतो."
कागद नव्हता तो, पानशेत होतं.
चिखलाचेही पैसे मी निमूट मोजले.

पाचशे प्रती छापल्या होत्या.
पाचशेच्या पाचशे नारायण पेठेत, बाइंडरच्या तळघरात,
शिवून झालेल्या, वेष्टनासाठी थांबलेल्या.
बारा जुलैला
थेंबभर पाण्यासाठी दीडशे पानं भांडणारी ती माणसं
दुपारपर्यंत नदीच्या तळाशी होती.

द. शं. उकिडवे. रात्रशाळेत भूगोल शिकवायचे.
हस्तलिखितही गेलं.
पाच वर्षांनी सगळं आठवून त्यांनी पुन्हा लिहिलं.
त्या दुसऱ्या आवृत्तीचा शेवट गोड आहे:
यान वेळेवर उतरतं, बायको दार उघडते.
ती कुठेही मिळते. माझ्याकडेच तीन आहेत.

माझ्या कपाटात छत्तीस भविष्यं आहेत,
सगळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या.
एकात दोन हजार साली पुण्यात उडत्या सायकली,
हेल्मेट तेव्हाही कुणी घालत नाही.
एकात चंद्रावर बटाट्याचं पीक,
आणि मुखपृष्ठावर बुरशीचं छोटंसं, खरंखुरं पीक.
बायको म्हणायची, झालेलंच भविष्य जपतोस तू.
तिला उत्तर देणं राहून गेलं.

घरी येऊन दिव्याखाली धरलं.
दहा फर्मे सुटे, कडेनं तपकिरी रेघ.
अकरावा, पान एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर,
गाळानं लिंपून कौलासारखा एकसंध.
पोथ्यांची डागडुजी करणारे गद्रे म्हणाले,
"वाफेनं सुटेल.
अक्षरं कागदावर राहतील की चिखलावर जातील,
ते मात्र विचारू नका."

आठवडाभर विचारलं नाही.
पुस्तक उशाशी. वास नदीचा,
आत्ताच्या नव्हे, तेव्हाच्या.

मग पिशवीत घालून गोखलेनगरला नेलं,
पूरग्रस्त वसाहतीत, मास्तरांच्या सुहासिनीबाईंकडे.
तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.
"बाबा रोज रात्री वाचून दाखवायचे," म्हणाल्या,
"पण शेवटाच्या आधी मला झोप लागायची.
रोज.
सकाळी विचारलं की म्हणायचे, आज जागी राहा."

त्यांनी चष्मा काढला.
तपकिरी रेघेवरून बोट फिरवलं,
जसं दाराच्या चौकटीवर
मुलांच्या उंचीच्या खुणांवरून फिरवतात.
अकराव्या फर्म्यावर बोट थांबलं.
नखानं कड किंचित उचकून पाहिली.
मी श्वास धरला. कड परत मिटली.

"वाफेला किती वेळ लागतो हो?"

मी गद्र्यांचं म्हणणं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.
त्या उठल्या,
गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी ओतलं,
बरंच ओतलं.
चहाचं की कसलं,
मी विचारलं नाही.