ओयंबा

गव्हाणखेडच्या बारवेला एकोणचाळीस पायऱ्या.
दोनदा मोजल्या, उतरताना आणि चढताना,
टेपचं दुसरं टोक दमडूच्या पोरानं धरलेलं.
तो म्हणाला, ताई, ज्यानं हे बांधलं ना,
तो येडा झालता.
राती दगडाशी बोले. रचलेलं उकले.
एक दिवस इथंच उतरला, वर आलाच नाही.

नाव कुणालाच ठाऊक नाही.
वेड तेवढं इतकी शतकं टिकलंय,
चुन्याशिवाय.

माझा बाप उकंडा गवंडी.
एका उन्हाळ्यात झोप सोडून
त्यानं शाळेमागं सात कमानी उभ्या केल्या,
कुणी सांगितल्या नव्हत्या.
विटा उधार, पाणी आईच्या डोक्यावरून.
आठवी कमान चंद्राची, म्हणायचा, हसायचा,
आणि आम्हीही हसायचो, कारण तोवर
ते हसण्यासारखंच होतं.

मग पोळ्यापासून दिवाळीपर्यंत
तो भिंतीकडे तोंड करून निजला.
स्वतःच रचलेल्या भिंतीकडे.
लिंबू उतरवलं, दर्ग्यावर नेलं,
शेवटी एसटीनं नागपूर.

गोळ्यांनी माणूस परत आला,
हात मात्र कापत आला.
ओयंब्याची दोरी धरली
की खालचा पितळी गोळा थांबेचना.
तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे दिसलं
ते सात कमानींच्या रात्रींतही नव्हतं.

"धर वं पोरी."
मी नऊ वर्षांची. परांचीवर चढले.
दोरी धरली, श्वास धरला.
खालून एक डोळा मिटून तो म्हणाला,
"हं. आता सुदं लागलं."

सव्विसाव्या पायरीपाशी डावी भिंत
दोन बोटं पुढं आलीय.
चार थर तशीच,
पाचव्यापासून पुन्हा सरळ, पार काठापर्यंत.
नोंदवहीत रकाना असतो: दोषाचं कारण.
मुळं, पाझर, भूकंप,
यांतलं एक लिहायचं.
दगड गार होता. सांदीत एक बेडकी,
माझ्याकडे न बघणारी.
काय झालं ताई?
काही नाही. टेप सैल सोडू नको.

रात्री फोनवर बापाला सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"चारच थर?"
चारच.
"मंग दोरी धराले कोनी आलं असन,"
म्हणाला,
आणि विचारलं, जेवली का.