अडीच

वेधशाळेत मी एकतीस वर्षं पाऊस मोजला.
सकाळी साडेआठला मापक डोळ्यांच्या रेषेत धरायचं,
मिलिमीटर, दशांश, सही.
भुरभुर, झड, सटासटा लिहायला
रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर गोखलेनगरच्या वरच्या खोलीत
नान्तेझा राहायला आली. मसाका गावची, संख्याशास्त्राची.
पहिल्या सकाळी भिंतीकडे बघून म्हणाली,
आमच्याकडे याला अडीच म्हणतात.
काटे साडेआठवर होते.

त्यांचे तास उजाडल्यावर मोजायला घेतात, इतकी साधी गोष्ट.
भर दुपारी सहा.
काटा सातवर दिसतो, तोंडाने म्हणायचं एक,
स्सावा एमू.
स्सावा ऐकून मला आपली साईत आठवली.
दोघी एकाच अरबी घरातून निघाल्या असतील,
एक तिकडच्या बंदरात उतरली,
एक आमच्या लग्नपत्रिकेत शिरली.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूने, मी लिहीत गेले.
एन्कुबा, पाऊस.
ओकुकुबा, ठोकणे.
या दोघांचं नातं काय गं? विचारलं.
ती म्हणाली, माहीत नाही,
पण आमच्या पत्र्याखाली एकदा बसून बघा.
मी तिला झोडपणे शिकवलं.

ज्जो म्हणजे काल. आणि ज्जो म्हणजे उद्यासुद्धा.
मी हसणारच होते,
तेवढ्यात आपला परवा आठवला,
दोन्ही दारांत पाय ठेवून उभा असलेला.

आपल्याकडे तांबडं फुटतं.
त्यांच्याकडे पहाट कापते: एम्माम्ब्या एसाझे.
काय कापते?
तिने वेताळ टेकडीच्या कडेवरून बोट ओढलं,
सुरीसारखं, डावीकडून उजवीकडे.

मार्च बियाणं विकत घेणारा. मुगुलान्सिगो.
नोव्हेंबर नाकतोड्यांचा. मुसेनेने.
पाऊस पडून गेला की दिव्यांखाली हिरवा खच पडतो,
पंख, पाय तोडून तळायचे. तिच्या तोंडाला पाणी सुटलं,
मी वरण ढवळत राहिले.

त्याच मुसेनेनेत तिच्या बहिणीचा साखरपुडा होता.
मुंबईहून विमान. गाडी सव्वापाचला दाराशी.
रात्री जिन्यावरून म्हणाली, मावशी, अकराला उठवा,
माझ्या फोनचा भरवसा नाही.
घाईत माणूस आपल्या आईच्या घड्याळात बोलतो.

मी पाचलाच उठले होते. नेहमीसारखी.
खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, वाजवतच होतं.
मी गॅलरीतून ओरडलेसुद्धा:
हळू! वर पोरगी झोपलीय.

अकराला चहा घेऊन गेले.

ती रडली नाही. बराच वेळ कपाकडे बघत बसली.
मग बोटांवर मोजून दाखवलं,
अकरा म्हणजे पाच. तुमचे पाच.
एकतीस वर्षं वेळेवर सही करणारी मी,
मला बशी खाली ठेवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं.
पोचली तेव्हा मांडव सोडत होते.
तिने फोटो पाठवला: उलट्या रचलेल्या खुर्च्या,
एक शेळी, आणि बहीण, हसणारी.
खाली एकच शब्द, ज्जो.
तो कोणता, ते ठरवायला सोबत क्रियापद लागतं.
क्रियापद नव्हतं.

आज इथे अवकाळी. टेकडी दिसत नाही.
जुनं मापक मी गच्चीत ठेवलंय, कुणाला कळवायचं नसतं तरी.
साडेआठ वाजता वाचलं, चार पूर्णांक दोन.
वहीत लिहिलं, एन्कुबा,
आणि वेळेच्या जागी अडीच.

तिचं मसाका आपल्या अडीच तास मागे.
म्हणजे या घटकेला तिथे सहा,
त्यांच्या बोलीत बारा.
तिच्या आईच्या अंगणात रोज पहाटे बारा वाजतात
आणि कुणाचंच काही बिघडत नाही.
कोंबडं आरवतं, चूल पेटते,
सुरी टेकडीवरून फिरते.