पावतीपुस्तक

पोवई नाक्यावर इस्त्रीवाल्या दगडूअण्णांनी विचारलं,
"पळणार तू, मग पैसे मी का द्यायचे?"
उत्तर नव्हतं. पुस्तक तसंच उघडं धरलं.
डायलिसिसच्या दुसऱ्या मशीनसाठी, म्हटलं शेवटी.
इस्त्री उभी करून त्यांनी विसाची नोट काढली,
काळं बोट उमटलं तिच्यावर.

हेमांगी म्हणाली, जीपे करते.
अजून करतेच आहे.
मुजावर चाचींनी एकशे एक दिले, वर बजावलं:
चालायचं नाही हं, पळायचं.

यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर पोटरीत गोळा आला.
कोण बघतंय इथं?
खाली सातारा, पत्र्यांवर कोवळं ऊन,
त्यातलाच एक अण्णांचा.

थोडं चालले. खोटं कशाला बोलू.
मग निदान
वीस रुपयांपुरतं पळाले.