अंतर्गत बाब

रायजा गुरनुलेचं पार्सल परत आलं, तिसऱ्यांदा.
आत चार सेल, तुरीच्या डाळीएवढे,
सदारामच्या कानातल्या मशीनचे.
वर लाल शाई : निषिद्ध वस्तू.
मी रजिस्टर धरलं. तिनं सही केली,
'र'ला लांब शेपूट देत,
त्यानंच शिकवलेली, तेंदूच्या फळीवर,
पुडके मोजताना फसू नये म्हणून.
पुडक्यामागे आठ आणे वाढवून मागितले त्यानं,
त्याला तीन वर्षं झाली. खटला अजून उभा नाही.

गिनतीत नाव पुकारलं, ऐकू आलं नाही,
तर कागदावर लिहिलं : मुजोरी.
महिनाभर भेट बंद.

चैत्रात पांढरी गाडी आली.
दूतावासातली बाई, सोबत नागपूरचा दुभाषा.
अंगणात वाळत घातलेल्या मोहावर
पाय पडू नये म्हणून आडवी-तिडवी चालत आली,
तेवढ्यानंच रायजाला आवडली.
बराकीत किती माणसं? तिनं विचारलं.
"जागा साठ जनाईची, निजतेत दीडशे.
एकानं कूस बदलली
तं सगळ्याईले बदला लागते."
दुभाषा जरा अडखळला. बाईनं वहीत लिहिलं.

ज्येष्ठात जाड लिफाफा आला.
मी काट्यावर ठेवला, उगाच : बासष्ट ग्रॅम.
आम्ही तीव्र चिंता व्यक्त केली आहे.
खाली टाचलेलं दिल्लीचं उत्तर :
ही आमची अंतर्गत बाब आहे.

"अंतर्गत म्हंजे काय जी?"
म्हटलं, घरातली.
"घरातली?
मंग तं मलेच विचाराले पायजे होतं."
सुपातला खडा वेचून तिनं लांब फेकला.
"अन् चिंता तं माह्यापाशी होतीच.
सेल पायजे होते."

पार्सल चौथ्यांदा बुक केलं.
काटा जागचा हलत नाही,
मी किमान वजनाचे पैसे घेतो.

काल त्याचं पोस्टकार्ड आलं.
दुसऱ्याचं वाचू नये, असा नियम आहे. मी वाचलं.
पाच ओळी काळ्या केलेल्या.
रायजानं त्या उन्हासमोर धरून पाहिल्या,
उलटून पाहिल्या, मग उरलेलं वाचलं, बोट ठेवत :

गिनतीत आता शेजारचा बोरकुटे कोपर मारतो,
मग मी हजर म्हणतो.
कधी तो झोपेत असतो,
भलत्याच नावाला मारतो.
मी तरी हजर म्हणतो.