खुंटा

पाटणहून मोरणा ओलांडून वर चढलं
की सड्याच्या एका खोलगट कुशीत लोळण लागते.
सात-बाऱ्यावर ती पोटखराबा.
बमाबाई ढेबेंच्या तोंडी अजून लोळणच,
जरी तिथे म्हशी लोळून सदतीस वर्षं झाली.

मी कराडच्या माती प्रयोगशाळेतला.
गिरमिट, सहा पिशव्या, शिसपेन्सिल.
माझं काम भोक पाडणं आणि न बोलणं.

बोलत होत्या त्या.
"उन्हाळ्यात बी पाय मांडीपोत्तूर जायाचा.
एकदा रेडकू गेलं आत, दोरानं वढलं,
तर अंगावर नुसतं काळं लोणी.
त्यात गवताची काडी, पिवळी, जशीच्या तशी.
कुनाच्या पिढीची, द्येव जाणे."

मग साहेब आले, म्हणाले, वाया चाललंय सगळं,
पाण्याला वाट द्या, इथे वन उभं राहील.
चर खणायला रोजगार हमीवर याच होत्या,
डोक्यावर पाटी, पोटात पाचवा महिना.
चर फुटला तेव्हा पाणी तीन दिवस
बिनदुधाच्या चहासारखं वाहिलं.
मग निवळलं. मग नाहीच.

निलगिरी लावली. जगलीही.
फलक गंजलाय, आकडा वाचता येतो:
चार हजार दोनशे.

"आन् ह्यो आमचा खुंटा."
सासऱ्यांनी ठोकलेला, ऐनाचा,
खाली कातळाला टेकेपर्यंत.
वर मूठभर ठेवला होता, दावं अडकण्यापुरता.
आता माझ्या कमरेला लागतो.
"झाडांपरीस ह्योच वाढला," त्या हसल्या.

मी टेप लावली. मूठभर सोडून
अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.
खुंटे वाढत नाहीत, हे मी बोललो नाही.
आजूबाजूला झाडं मुळांच्या टाचा उंचावून उभी होती.
"वाहून गेली म्हनावं, तर खालच्या बांधाला गाळ न्हाई.
मग माती गेली कुठं?"

कराडला मुशीत दहा ग्रॅम घातली.
भट्टी साडेपाचशेवर, रात्रभर.
सकाळी चार ग्रॅम विटकरी राख.
उरलेल्या सहांसाठी वहीत रकाना आहे, नाव नाही.
ते गवत होतं, लव्हाळा, शेवाळ,
हवा न मिळाल्यामुळे कुजायचं राहून गेलेलं.
पाणी हे झाकण होतं.
भट्टीने एका रात्रीत केलं
ते वर सड्यावर वारा सदतीस वर्षं करत होता,
आच न लावता, धूर न दाखवता.

झाडांनी हवेतून किती ओढलं, त्याला तक्ता आहे:
घेर मोजा, उंची मोजा, गुणा.
खाली गेलेल्या जमिनीला तक्ता नाही,
म्हणून अहवालात मी खुंटा लिहिला.
शेरा आला: 'खुंटा हे मापनाचे साधन नव्हे. कृपया वगळावा.'

भाद्रपदात पुन्हा गेलो, काही काम नसताना.
चराच्या तोंडाशी धोंडे रचलेले,
फटींत शेण आणि गवत, गोठ्याच्या कुडाला लिंपतात तसं.
मागे वीतभर पाणी, त्यावर निलगिरीची पानं.
"तुम्ही?"
"म्हशीनं," त्या म्हणाल्या.
त्यांच्याकडे आता एकच म्हैस आहे, तीही दातांना गेलेली.

गेलेलं या पाण्याने परत येणार नाही,
उरलेलं थांबेल, थांबलं तर.
टेप लावली. अठ्ठ्याऐंशीच.
मातीला टेकून खुंट्यावर पेन्सिलीने रेघ ओढली,
तारीख घातली,
शिसं ओल्या लाकडात नीट उमटेना, म्हणून पुन्हा गिरवली.