सरवा

लाल बावटा खाली येतो,
ओरिन डेल्प ओरडतो, "लाइन थंड!"
सगळे टेबलांपासून दोन पावलं मागे,
पिस्तुलं उघडी, रिकामी, तोंडं टेकाडाकडे.
मग माझे वडील बादली घेऊन निघतात.

ते आता नेम धरत नाहीत.
उजवा हात तीन वर्षांपासून स्वतःच्याच लयीत हलतो;
कप अर्धाच भरायचा, हे आमच्यात न बोलता ठरलंय.
गाडीही मीच चालवते, रिट्झव्हिलपासून बावीस मैल,
दोन्हीकडे कापलेल्या गव्हाचे खुंट,
मध्येच एखादं सायलो, बाकी आभाळ.

खडीची जुनी खाण.
पुंगळी उजवीकडे उडते, जराशी मागे,
त्यामुळे कुठे शोधायचं ते ठरलेलं.
पितळ उघडं पडलेलं असतं
खडीत, वाळक्या गवतात,
कुणाच्या तरी बुटाच्या ठशात.
अक्रोड वेचायचा तारेचा गोळा मी त्यांना आणून दिला होता,
वाकायला नको म्हणून.
तो गॅरेजात खिळ्याला लटकतो.

बोटांना कळतं त्यांच्या.
नऊ मिलिमीटर. नऊ. पुन्हा नऊ.
पंचेचाळीस, आखूड आणि जाड.
लोखंडी असली की खिशातल्या चुंबकाला चिकटते, ती बाद.
बुडाशी कारखान्याची अक्षरं,
मधोमध टिकलीवर पिनेचा एक खड्डा.
त्यांची आजी व्होल्गाकाठून आलेली,
मळणीयंत्र पुढे गेलं की पोरांना सरव्याला धाडायची,
एकेक लोंबी मोजून घ्यायची.
यांनी ते कधी सांगितलं नाही. आत्याकडून कळलं.

मी नऊ वर्षांची असताना
एक तापलेली पुंगळी माझ्या कॉलरच्या आत गेली.
मी किंचाळले.
"आधी पिस्तूल खाली," ते म्हणाले, "मग रड."
मी ठेवलं. मग रडले.
गळ्याच्या हाडावर तांदळाएवढा डाग आहे,
लग्नाच्या फोटोवाल्याने तो न विचारता पुसला.

रात्रभर गॅरेजात यंत्र घरघरतं,
अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात पुंगळ्या घोळल्या जातात.
सकाळी सोन्याहून पिवळ्या.
कॉफीचे अकरा डबे भरलेत,
झाकणांवर आईच्या अक्षरात आकडे,
आणि एकावर नुसतं 'काय माहीत'.
तोंड चिरलेल्या, चेपलेल्या, कशातच न बसणाऱ्या, त्यात.

"यांत पुन्हा दारू कोण भरणार?" मी एकदा विचारलं.
"वाकताना पाय फाकव," ते म्हणाले,
"कंबर धरेल."

आज टेकाडाच्या पायथ्याशी, जुन्या टायरामागे,
एक अडतिशीची सापडली.
नवलच. रिव्हॉल्व्हरवाले आपापल्या खिशात घालून नेतात.
उचलली आणि थांबले. उन्हाकडे धरली.
तोंड चिखलाने बंद केलेलं,
अंगठा फिरवून लिंपावं इतकं गुळगुळीत.
कुंभारीण माशी.
आत काय असेल ते दोघांनाही ठाऊक होतं.
"भरलेली आहे," ते म्हणाले.

हात हलत होता, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं.
"हिचं तोंड कुठे होतं? पूर्वेला?"
मी पाहिलं नव्हतं.
त्यांनी पूर्वच धरली,
टायराच्या सावलीत दोन दगडांमध्ये ती आडवी ठेवली,
मग काढली,
मग जरा वेगळी ठेवली.
"आल्विन! चला, वेळ झाली!" ओरिनची हाक.
बावटा वर.
आम्ही रेषेमागे आलो,
आणि आठ पिस्तुलं जवळजवळ एकदमच सुटली.
ते टेकाडाकडे पाहत नव्हते,
टायराकडे पाहत होते.

परतताना बादली मांडीवर,
कडीवर त्यांचा उजवा हात.
बावीस मैल पितळ वाजत राहिलं.
मी रेडिओ लावला नाही.