दाते खाली

किटेरियाबाईंच्या मशीनची मोटर मी दुरुस्त केली,
कार्बनचे ब्रश बदलले, तेल घातलं,
आणि किती झाले विचारलं त्यांनी, तेव्हा
बल्कांवात वाळणाऱ्या रजईकडे बोट केलं:
हे कसं करतात, तेवढं शिकवा.

त्या हसल्या नाहीत. रायबंदरात
मला सगळे ओळखतात, चोडणच्या फेरीबोटीचा सुकाणूवाला,
एकतीस वर्षं या धक्क्यावरून त्या धक्क्याला,
गेल्या श्रावणात रिटायर.
म्हणाल्या, मंगळवारी या. नखं कापून या.

मंगळवारी आधी एक खटका दाबून
त्यांनी मशीनचे दाते खाली पाडले.
कापड ओढतात ते हे, म्हणाल्या,
सरळ, टाक्यामागून टाका, तुम्ही नुसतं बसायचं.
आता कोणी ओढणार नाही.
तुम्ही न्याल तिथे रेघ.
नाही नेलंत, तर एकाच भोकात सुई
भुंग्यासारखी.

वर माझी खाकी पँट उसवून काढलेला चौकोन,
मधे कापूस,
खाली त्यांच्या जुन्या पडद्याची पिवळी फुलं.
हातात गवंड्याचे, रबरी ठिपक्यांचे मोजे.
खालचा दोरा आधी वर ओढून घ्यायचा.
मधून निघायचं.

बोटीवर वर मी असायचो, खाली इंजिनावर सांतान.
मी घंटा मारायचो, तो वेग द्यायचा.
एक घंटा, दोन घंटा, थांब, मागे.
शिव्यासुद्धा आम्ही त्या घंटेतूनच दिल्या.
इथे सांतानही मीच.
पाय पळाला की टाके मुंगीच्या अंड्याएवढे,
हात पळाला की उकड्या तांदळाएवढे,
आणि दोघंही पळाले तेव्हा
कट्ट.
सुईचं टोक शोधत आम्ही गुडघ्यांवर,
दारात पोदेर भोंगा वाजवत उभा.

तुकडा उलटला, तर खाली दोऱ्याचं घरटं.
ताण, बाई म्हणाल्या. वरच्या दोऱ्याचा.
मग जरा थांबून:
खांद्यातला आधी.

दुसरा मंगळवार, तिसरा. चौथ्याला त्यांचं मडगावला लग्न.
पाचव्याला त्या ओरडल्याच:
सुईकडे काय बघताय? ती कुठे जाणार आहे?
जायचं तिथे बघा.

हे मला सांगावं!
ओहोटीला मांडवी खाली खेचते तेव्हा
नाक धक्क्यावर धरलंत तर धक्का चुकलाच;
वर धरायचं, माडांच्या त्या जोडीवर,
पाणी बरोबर आणून सोडतं.
पण तिथे धक्का होता.
इथे खाकीच्या ओसाड चौकोनात
वळायचं, लांब जायचं, जवळ यायचं,
आपलीच रेघ न ओलांडता,
कोपरा भरेपर्यंत. म्हणजे नुसतं भटकायचं,
आणि त्याचाही क्लास.

चोडण-दिवाडीच्या मधून एक फाटा आत जातो,
खारफुटीत शिरतो. रोज दिसायचा.
रोज फळी टाकायची वेळ व्हायची.

त्या दिवशी, साडेचारच्या सुमाराला,
पाय आणि हात भांडायचे थांबले.
मशीन एका सुरात. मी तो फाटा घेतला.
डावीकडे, जुन्या खिशाच्या शिवणीला वळसा,
खिशाच्या जागी कापड अजून गडद आहे,
तिथून आत, मग पुन्हा डावीकडे,
मग कुठे ते आठवत नाही.
बॉबिन कधीच संपली होती.
शेवटचं चार बोटं अंतर सुई
नुसती भोकं पाडत गेली,
वरचा दोरा मागे लोळत.

बाईंनी तुकडा उजेडात धरला.
दोन ठिकाणी रेघ रेघेवरून गेलेली.
उसवू का, म्हटलं.
उसवा वेळ असेल तर, म्हणाल्या. कॉफी घेता?

घरी शेवंतानं तो वीतभर तुकडा उलटा केला,
पिवळ्या फुलांवरच्या गाठी बोटानं चाचपल्या,
वरची बाजू कुठची, असं विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
पेजेचा टोप त्यावर ठेवला.